महायुद्ध, पहिले
(२८ जुलै १९१४–११ नोव्हेंबर १९१८). दोस्त राष्ट्रे व मध्यवर्ती सत्ता यांच्यातील जागतिक युद्ध. वसाहतींची स्पर्धा, शस्त्रास्त्रवाढ व परस्परविरोधी लष्करी करार ही त्याची मूळ कारणे; साराजेव्होत ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड याचा झालेला खून हे निमित्त. मार्नच्या लढाईनंतर पश्चिम आघाडीवर खंदकयुद्ध रेंगाळले. मशिनगन, विषारी वायू व तोफखान्याने संहार वाढविला. जर्मनीच्या अनिर्बंध पाणबुडीयुद्धामुळे १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली. मेसोपोटेमियात मराठा पलटणींनी कुतचा वेढा सोसला. ब्रिटिश नाकेबंदीमुळे जर्मनीत अन्नटंचाई झाली. १९१६–१७ चा हिवाळा तेथील जनतेने सलगमांवर काढला. ब्रिटनमध्ये स्त्रिया दारूगोळ्याच्या कारखान्यांत राबल्या आणि १९१८ मध्ये शिधावाटप सुरू झाले.