रोड सायकलच्या फ्रेमचे माप
रोड सायकलच्या फ्रेमचे माप म्हणजे चालकाच्या शरीराला अनुरूप असा सायकलच्या सांगाड्याचा आकार होय. पारंपरिक पद्धतीत पायडलच्या आसाच्या मध्यापासून सीटच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचे अंतर सेंटिमीटरमध्ये मोजतात. अनवाणी उभे राहून जांघेपासून जमिनीपर्यंत मोजलेल्या लांबीस ०.६६ ने गुणल्यास अंदाजे माप मिळते, उदा. ८० सेंमी लांबीस सुमारे ५३ सेंमी.

उतरत्या आडव्या नळीच्या फ्रेमना हे माप अपुरे पडते. म्हणून पायडलच्या आसापासून हँडलच्या नळीच्या माथ्यापर्यंतची उभी उंची (स्टॅक) व आडवे अंतर (रीच) पाहतात. समान उंचीच्या व्यक्तींतही पाय, धड व हात यांची लांबी भिन्न असते; त्यामुळे केवळ उंचीवरून केलेली निवड चुकू शकते.

फार मोठ्या फ्रेममुळे पाठ व मानेवर ताण येतो, तर लहान फ्रेमवर शरीर आखडते. सीट व हँडल सरकवून किरकोळ फरकच भरून निघतो. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात मुले मोठ्यांच्या २२ इंची सायकलीवर नळीखालून पाय घालून शिकत, ते फ्रेम मोठी पडत असल्यामुळेच.