स्वस्त तिकीट आणि निर्धास्त प्रवास

जें स्वस्त तें कच्चें, असा आपल्या संसारी माणसाचा जुना समज आहे. आणि बाजारांत तो पुष्कळदां खराहि ठरतो. म्हणूनच मुलानें परगांवीं जातांना सर्वांत कमी भाड्याचें विमान निवडलें, म्हणजे घरांतील वडील माणसांच्या मनांत शंकेची पाल चुकचुकते. ही शंका कितपत रास्त आहे, हें इतिहासाच्या साक्षीनें तपासून पाहणें इष्ट होय.

अमेरिकेंत १९७८ सालीं कायदा होऊन विमानभाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठूं लागलें आणि स्वस्त कंपन्यांस मोकळें रान मिळालें. त्यांपैकीं व्हॅल्यूजेट ही १९९३ सालीं निघाली. जुनीं विमानें घ्यावयाचीं व दुरुस्ती बाहेरच्या कंत्राटदारांकडून करून घ्यावयाची, ही तिची रीत. ११ मे १९९६ रोजीं मायामीहून निघालेलें तिचें विमान कांहीं मिनिटांतच एव्हरग्लेड्सच्या दलदलींत कोसळलें व आंतील ११० माणसें मृत्यु पावलीं. कंत्राटदाराच्या माणसांनीं प्राणवायु निर्माण करणारीं नळकांडीं सुरक्षेच्या टोपणांवांचून खोक्यांत भरलीं, ‘रिकामीं’ अशी त्यांची नोंद केली, आणि तीं सामानाच्या कोठींत चढलीं. तेथें त्यांनीं पेट घेतला.

येथवर ऐकून वडील माणसें मान डोलावतील. परंतु चौकशीमंडळानें दोष तिघांवर ठेवला: कंत्राटदार, कंपनी आणि विमानवाहतुकीचें सरकारी खातें. कोठींत आगीची वर्दी देणारें यंत्र नव्हतें व त्याची सक्तीहि नव्हती. श्रीमंत कंपन्यांचीं कित्येक विमानें त्याच स्थितींत उडत होतीं. १९८८ सालीं नॅशव्हिल येथें एका मोठ्या कंपनीच्या विमानाच्या कोठींत आग लागली, तेव्हां हीच सुधारणा सुचविली गेली होती. खर्चाच्या मानानें लाभ थोडा, म्हणून खात्यानें ती बाजूस सारली. ११० जीव गेल्यावर, १९९८ सालीं, नियम झाला.

उलटपक्षीं, जिचा कित्ता पुढें अनेकांनीं गिरविला ती साउथवेस्ट कंपनी १९७१ पासून स्वस्त भाड्यानें उतारू नेत आली. एप्रिल २०१८ मध्यें एंजिन फुटून एक स्त्री दगावेपर्यंत तिच्या एकाहि उतारूचा विमान-अपघातांत प्राण गेला नव्हता. तिनें काटकसर केली ती जेवणांत, आणि विमान जमिनीवर थांबविण्याच्या वेळांत. सर्व विमानें एकाच जातीचीं ठेवल्यानें खर्च वांचला, आणि वैमानिक व कारागीर यांस तेंच यंत्र नित्य हाताळावयास मिळून त्यांचा हातहि बसला.

तात्पर्य, कंपनी पैसा कोठें वांचविते यावर सारें अवलंबून आहे. परंतु प्रवाशास तिकिटाची किंमत दिसते, दुरुस्तीची वही दिसत नाहीं. ती वही तपासण्याचा अधिकार ज्या खात्यास आपण दिला, तें जागें आहे कीं नाहीं, हें सुशिक्षित नागरिकानें विचारीत राहिलें पाहिजे. स्वस्त तिकिटास भिण्याचें कारण नाहीं. स्वस्तांत उरकलेल्या देखरेखीस मात्र अवश्य भ्यावें.