छाप नाशिकची, कागद विलायतेचा

१९२५ साली नाशिकरोड येथे इंडिया सिक्युरिटी प्रेस हे मुद्रणालय सुरू झाले. त्यापूर्वी हिंदुस्थानची टपाल तिकिटे लंडनची डी ला रू कंपनी छापून पाठवीत असे आणि नोटा बँक ऑफ इंग्लंडकडून येत असत. १९२८ मध्ये शेजारीच करन्सी नोट प्रेस उभे राहिले आणि पाच रुपयांची नोट या मातीत प्रथम छापली गेली. आम्हा नाशिककरांच्या सांगण्यात ही हकीकत बहुधा येथेच संपते. तिचा उत्तरार्ध मात्र क्वचितच सांगितला जातो. छाप नाशिकची असली तरी जलचिन्हांकित कागद समुद्रापलीकडून येत होता. होशंगाबादेची (आजच्या नर्मदापुरमची) कागद गिरणी १९६७-६८च्या सुमारास सुरू झाली, आणि मोठ्या किमतीच्या नोटांचा कागद तर त्यानंतरही कितीतरी वर्षे आयातच होत राहिला. छापण्याची कला हाती आल्यानंतर कागद हाती यायला चार दशके लागली.

ही जुनी हकीकत आज पुन्हा उकरून काढण्याचे कारण असे की, पुण्याच्या 'सी-डॅक' या संस्थेने 'ओम' नावाच्या प्रोसेसरचा आराखडा जाहीर केला आहे आणि त्याच्या वर्णनात 'स्वदेशी' हा शब्द वारंवार येतो. त्या शब्दाचा येथे नेमका अर्थ काय, हे तपासायला नाशिकरोडचा अनुभव उपयोगी पडेल असे आम्हांस वाटते.

प्रथम थोडे प्रोसेसरविषयी. आपण लिहितो ते लेख, विद्यापीठांचे प्रबंध, जुन्या मासिकांची चित्रांकित पाने, हे सारे आता 'क्लाऊड'मध्ये ठेवले जाते. हा मेघ मोठा फसवा शब्द आहे. मेघाला वजन नसते. प्रत्यक्षात ही विदा ऐरोली-रबाळे-महापे पट्ट्यातल्या किंवा तशाच अन्य ठिकाणच्या भल्यामोठ्या इमारतींत, हजारो यंत्रांच्या फडताळांवर असते, आणि मोठ्या विदाकेंद्राला शंभर मेगावॉट किंवा त्याहूनही अधिक वीज लागू शकते. तुलनेसाठी सांगायचे तर आमच्या एकलहरे औष्णिक केंद्रातला एकेक संच २१० मेगावॉटचा आहे. यंत्राने घेतलेली वीज अखेर उष्णता होऊन बाहेर पडते आणि ती उष्णता घालविण्यासाठी पुन्हा वीज लागते. म्हणून प्रोसेसरने वाचविलेला एक वॉट हा दोनदा वाचतो.

अशी काटकसर साधते कशी? प्रोसेसरचा वेग वाढवायचा तर विजेचा दाबही वाढवावा लागतो, आणि खर्च दाबाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. तेव्हा एक अतिवेगवान गाभा राबविण्याऐवजी मध्यम वेगाचे अनेक गाभे शेजारी शेजारी बसविणे स्वस्त पडते. शिवाय प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञा थोड्या व साध्या ठेवल्या, तर त्या उलगडण्यात जाणारी शक्ती वाचते. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी नेमके हेच केले. त्यांचा पहिला 'आर्म' प्रोसेसर एप्रिल १९८५ मध्ये हाती आला. गंमत अशी की, जगाची वीज वाचविण्याचा त्यांचा हेतू मुळीच नव्हता. महागडे सिरॅमिकचे वेष्टन परवडत नव्हते. प्लॅस्टिकचे वेष्टन वितळू नये एवढ्यासाठी उष्णता कमी हवी होती. मोजमाप करताना विजेचा खर्च शून्य दिसू लागला, तेव्हा ध्यानात आले की मुख्य जोडणी झालेलीच नाही आणि इतर तारांतून झिरपणाऱ्या विजेवरच तो चालला आहे! दारिद्र्याने शिकविलेली ही काटकसर पुढे भ्रमणध्वनींत गेली आणि तेथून विदाकेंद्रांत.

२०१५ साली ॲमेझॉनने अन्नपूर्णा लॅब्ज ही इस्रायली कंपनी विकत घेतली. (हे नाव हिमालयातल्या शिखरावरून घेतलेले आहे, आपल्या देवघरातली पितळी अन्नपूर्णा येथे अभिप्रेत नाही.) तीतून आर्मच्या रचनेवर आधारलेला 'ग्रॅव्हिटॉन' हा खास स्वतःच्या विदाकेंद्रांसाठी घडविलेला प्रोसेसर २०१८ मध्ये बाहेर आला. त्याची तिसरी आवृत्ती तेवढ्याच कामाला ६० टक्क्यांपर्यंत कमी ऊर्जा घेते असे कंपनी सांगते. दावा तिचाच आहे, हे लक्षात ठेवून तो वाचावा. पाठोपाठ मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये 'कोबाल्ट' आणि गूगलने २०२४ मध्ये 'ॲक्सिऑन' जाहीर केला. तयार प्रोसेसर बाजारातून आणणारे आता आपापल्या मापाने शिवून घेऊ लागले.

आपल्याकडची कथा याहून वेगळ्या वाटेने आली. १९८०च्या दशकात अमेरिकेने हवामान अंदाजासाठी एक क्रे महासंगणक अटी घालून दिला, पण अधिक क्षमतेचे यंत्र देण्यास नकार दिला. त्यानंतर मार्च १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर तिचे प्रमुख होते. १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. हा पराक्रम निर्विवाद मोठा होता, परंतु त्याची उभारणी डोळसपणे पाहिली पाहिजे. त्यातले प्रोसेसर ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे 'ट्रान्सप्युटर' होते. एका ट्रान्सप्युटरला इतरांशी जोडण्याचे चार दुवे असत. तेव्हा एका बलाढ्य यंत्राच्या जागी अनेक सामान्य यंत्रांनी वाटून काम करावे, ही कल्पना राबविता आली. ती गुंफण आणि ती चालविणारी आज्ञावली पुण्याची. गाभा मात्र उसना.

आणि उसना गाभा किती बेभरवशाचा, हे लवकरच कळले. इनमॉस १९८९ मध्ये दुसऱ्या कंपनीच्या हाती गेली आणि ट्रान्सप्युटरची ओळ खुंटली. मग 'परम'ला इंटेलचा, सनचा, आयबीएमचा, पुन्हा इंटेलचा असे गाभे बदलावे लागले. पुण्याच्याच टाटांच्या संगणन प्रयोगशाळेचा 'एका' नोव्हेंबर २००७ मध्ये जगातल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत चौथा आला, त्याचे प्रोसेसरही इंटेलचेच होते. साहित्याच्या अभ्यासकांनी येथे सी-डॅकचे 'जिस्ट' कार्ड आठवावे. इंग्रजीपुरत्या घडविलेल्या संगणकावर देवनागरी उमटविण्यासाठी ते वेगळे बसवावे लागे. दुसऱ्याच्या यंत्रात आपल्या अक्षरांना जागा करून देणे, हीदेखील त्या काळातली एक मोठी कामगिरी होती, आणि आमच्या मते 'परम'इतकीच स्मरणीय.

'ओम' या पार्श्वभूमीवर वाचावा. आराखड्यानुसार त्यात ९६ गाभे असून रचना आर्मच्या 'निओव्हर्स व्ही१' या गाभ्यावर आधारलेली आहे. ग्रॅव्हिटॉनच्या तिसऱ्या आवृत्तीतही हाच गाभा आहे. उसना गाभा घेऊन त्याभोवती आपली मांडणी करण्याचा मार्ग म्हणजे कमीपणा नव्हे, कारण जगातल्या अतिश्रीमंत कंपन्यांपैकी एक असलेली ॲमेझॉनही तोच चोखाळते. घडविण्याचे काम तैवानमधील कारखान्यात, पाच नॅनोमीटर तंत्राने व्हायचे आहे. म्हणजे मांडणी पुण्याची, आज्ञांची मूळ भाषा केंब्रिजची, ठसा तैवानचा. नाशिकरोडला १९२८ साली छाप आपली होती आणि कागद परका. येथे क्रम उलटा पडला आहे. लिहिलेले आपले, आणि छापखाना परका.

काटकसरीचेही एक दुखणे आहे, ते झाकून ठेवू नये. स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्येच दाखविले होते की, वाफेचे इंजिन कमी कोळशात चालू लागले तसा कोळशाचा एकूण खप वाढत गेला. काम स्वस्त झाले की लोक ते अधिक करतात. काटकसरी प्रोसेसर आले म्हणून विदाकेंद्रांची संख्या घटलेली नाही. ती वाढतेच आहे. केंद्रे खाडीकाठी उभी राहतात, कारण समुद्रतळाच्या तारा मुंबईला लागतात. राख मात्र एकलहऱ्यासारख्या गावांच्या वाट्याला येते.

राहता राहिला छापखान्याचा प्रश्न. केंब्रिजच्या परवान्यावाचून चालेल अशी 'रिस्क-फाइव्ह' ही मुक्त आज्ञाभाषा २०१० पासून बर्कलेत आकाराला आली आणि तिच्यावर सी-डॅकच्याच तिरुवनंतपुरम केंद्राने 'वेगा', तर मद्रासच्या आयआयटीने 'शक्ती' हे प्रोसेसर रचले. विदाकेंद्राच्या कामाचे ते नव्हेत, लहान कामांचे आहेत. २०१८ मध्ये 'शक्ती'ची एक आवृत्ती रचनेपासून घडणीपर्यंत भारतातच तयार झाली. ती मोहालीच्या सरकारी कारखान्यात घडली, १८० नॅनोमीटरच्या तंत्राने. 'ओम'साठी पाच नॅनोमीटर हवे आहेत.