दिवेलागण : हातापासून हाकेपर्यंत

दोन वर्षांपूर्वी नाताळाच्या आठवड्यात एका कुटुंबाच्या भेटीसाठी आम्ही आगरदांड्याहून फेरीबोटीने राजपुरीची खाडी ओलांडून दिघीस गेलो होतो. उजव्या हाताला दूर पाण्यात जंजिऱ्याचा तट काळवंडत चालला होता आणि समोर बंदराच्या धक्क्यावरचे दिवे एकेक करून लागत होते. कुटुंबप्रमुख बंदरातील नोकरीमुळे वसईहून येथे येऊन राहिलेले. सणासाठी त्यांची वृद्ध आई गावाहून आली होती. ओटीवर तारा टांगलेला, आत गोठा मांडलेला, खिडक्यांना विजेच्या माळा. तिन्हीसांजा झाल्या तशी आठवीतल्या नातवाने टेबलावरच्या एका लहानशा डब्याला नावाने हाक मारून इंग्रजीत आज्ञा केली, आणि तारा, गोठा, माळा असे सारे एकदम उजळून निघाले. आजींना मोठे कौतुक वाटले. दिवे पुन्हा मालवून पाहावेत म्हणून त्यांनी आपल्या सामवेदी बोलीत डब्याला तसे सांगितले. डबा गप्प. दुसऱ्यांदा सांगितले तेव्हा त्याने इंग्रजीत दिलगिरी व्यक्त केली. तिसऱ्यांदा त्या बोलल्या नाहीत. उठल्या, भिंतीवरचे बटण बंद केले आणि पुन्हा जागेवर येऊन बसल्या.

त्यांचे ते न बोलणे आमच्या मनातून जाईना. परतल्यावर आम्ही जुनी पुस्तके आणि टिपणे काढून बसलो. दिवा माणसाच्या हातून सुटून त्याच्या हाकेपर्यंत कसा येऊन पोहोचला आणि ती हाक नेमकी कोणाची, हे शोधून पाहावे असे वाटले.

आपल्या भाषेत ‘दिवेलागण’ हा शब्द कामाचा आणि वेळेचाही आहे. घड्याळ नसलेल्या घरात दिवा लागला की संध्याकाळ झाली. आमच्या लहानपणी चर्चची सायंकाळची आंजेलसची घंटा आणि घरातला दिवा यांच्यात फार अंतर नसे. घंटा ऐकून काच पुसलेला कंदील आढ्याला अडकवायचा आणि तेर्साला बसायचे. इटलीतील ग्रेच्चो गावी १२२३ साली संत फ्रान्सिस यांनी नाताळचा पहिला गोठा मांडला, तेव्हा आसपासचे लोक मशाली आणि मेणबत्त्या घेऊन आले होते, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. तो उजेड प्रत्येकाने आपल्या हाताने वाहून आणलेला होता.

रायगडच्या किनाऱ्यावर दिव्याच्या तेलाचा इतिहास एका वेगळ्याच समाजाशी निगडित आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर आपले पूर्वज गलबत फुटून उतरले अशी ज्यांची परंपरा सांगते, ते बेने इस्राएल लोक पिढ्यान्‌पिढ्या या भागात तेलाचे घाणे चालवीत. केहीमकर, पेणकर, झिराडकर, रोहेकर ही त्यांची आडनावेच आपल्या गावांचा पत्ता देतात. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून शेजारीपाजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. इतर सहा दिवस ज्यांच्या घाण्यातले तेल गावातल्या समयांत जळे, त्यांनी शब्बाथाच्या दिवशी स्वतः अग्नी पेटवायचा नाही, असा त्यांच्या धर्मशास्त्राचा दंडक. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी लावलेला दिवा तेल संपेपर्यंत जळेल तेवढाच.

पुढे जगभरच्या यहुदी घरांत वीज आली तेव्हा प्रश्न उभा राहिला की बटण दाबणे हेही अग्नी पेटवण्यासारखेच काय? बहुतेक सनातनी धर्मपंडितांनी मनाई केली; पण शुक्रवारी दिवसा घड्याळाचा काटा लावून ठेवला आणि दिवा आपल्या वेळी आपोआप मालवला, तर त्याला अनेकांनी मुभा दिली. अशा रीतीने कळ फिरवणारे घड्याळ भाविक यहुदी घरांत रुळले. घरातील दिवा हाताविना लागावा वा मालवावा ही गरज त्या घरांत चैनीपोटी आलेली नाही, आज्ञापालनापोटी आली आहे, हे आम्हांला मोठे उद्बोधक वाटते. आज आपण ज्याला ‘टायमर’ म्हणतो आणि दुकानातून सहज आणतो, त्याच्यामागे एवढा धर्मविचार होऊन गेला आहे.

आता विजेकडे वळू. या बाबतीत रायगड जिल्ह्याचे नशीब मोठे विचित्र आहे. हा जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखला जाई. घाटमाथ्यावर वळवण, लोणावळा, शिरोटा येथे पाणी अडवून ते नळांतून खाली सोडायचे आणि पायथ्याशी खोपोलीला वीज करायची, ही टाटांची योजना १९१५ साली सुरू झाली. पाठोपाठ १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा. तिन्ही वीजघरे याच जिल्ह्यात. भिऱ्याच्या धरणाखाली मात्र घाटावरच्या मुळशीतील शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, आणि तेथे सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. ही वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. ज्या जिल्ह्याच्या कुशीत ती जन्मली, त्याची खेडी पुढची कित्येक दशके रॉकेलच्या चिमणीवर राहिली. दिघी तर तेव्हा ब्रिटिश मुलखातही नव्हती; श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड हा सारा टापू १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांच्या संस्थानात मोडत होता. राज्य वीज मंडळाची स्थापना १९६० ची. खेड्यांतून तारा फिरू लागल्या त्या त्यानंतर.

आणि त्या तारा किती नाजूक, ते ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दाखवले. रायगडच्या किनाऱ्यावर विजेचे खांब काडीसारखे मोडून पडले आणि पुष्कळ गावे अनेक दिवस अंधारात राहिली. त्या दिवसांत माळ्यावरून खाली काढलेले कंदील काही घरांत आम्ही आजही पाहतो. कोणी ते पुन्हा वर टाकलेले नाहीत.

विजेच्या दिव्यांनी नाताळचे झाड सजवण्याचा पहिला मान न्यूयॉर्कच्या एडवर्ड जॉन्सन यांच्याकडे जातो. हे गृहस्थ एडिसन यांचे सहकारी. डिसेंबर १८८२ मध्ये त्यांनी आपल्या दिवाणखान्यातील झाडाला तांबडे, पांढरे व निळे असे ऐंशी दिवे लावले. सहसा एवढेच सांगितले जाते. पण खरी गंमत पुढे आहे. ते झाड विजेच्या यंत्रावर सावकाश फिरत असे आणि फिरता फिरता खालच्या पट्ट्यांशी तारांचा संपर्क तुटे व जुळे, त्यामुळे दिवे आळीपाळीने लागत नि मालवत. म्हणजे नाताळच्या विजेच्या दिव्यांना पहिल्या वर्षापासूनच माणसाच्या हाताची गरज नव्हती. १८९५ साली अमेरिकेच्या अध्यक्षांच्या निवासस्थानी असे झाड उभे राहिले आणि १९०३ च्या सुमारास तयार माळा बाजारात आल्या. झाडावर मेणबत्त्या लावून घरे जळण्याचे प्रकार त्यानंतर हळूहळू कमी झाले. आम्ही स्वतः बांबूच्या कामट्यांचा नि पतंगाच्या कागदाचा तारा मेणबत्तीसकट पेटलेला पाहिला आहे. वीज आली याचे दुःख आम्हांला मुळीच नाही.

आपल्याकडच्या जुन्या माळा वाचकांना आठवत असतील. एक दिवा गेला की सारी माळ गेली, आणि मग एकेक दिवा काढून तपासत बसायचे. त्या माळेत एखादा दिवा निराळा असे. तो उघडझाप करी आणि त्याच्यामागून सगळे करीत. त्याच्या पोटात दोन धातूंची एकत्र जोडलेली पट्टी असे. तापली की एक धातू दुसऱ्यापेक्षा अधिक प्रसरण पावे, पट्टी वाकून संपर्क तुटे. निवली की पुन्हा जुळे.

उष्णतेने धातू वाढतो, या साध्या नियमावर एका माणसाने समुद्रावरचे दिवेही राखणदाराविना चालवून दाखवले. दिघीजवळच्या नानवेल टेकाडावर दीपगृह आहे, त्यामुळे येथील मच्छीमारांना दीपगृह म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. स्वीडनच्या गुस्ताफ डालेन यांनी १९०७ साली ‘सूर्य-झडप’ शोधून काढली. तिच्यात एक काळी कांडी आणि भोवती चकचकीत कांड्या. उन्हात काळी कांडी अधिक तापून लांब होई आणि गॅसची वाट बंद करी. सांज झाली की ती आखडे, वाट उघडे आणि दिवा पेटे. ढगाळलेल्या दिवसाचा अंधारही तिला कळे. दूरच्या खडकांवरील दिवे त्यामुळे महिनोन्‌महिने माणसाविना चालू लागले. १९१२ साली डालेन यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी गॅसच्या टाक्यांची चाचणी घेताना स्फोट होऊन त्यांची दृष्टी कायमची गेली. पारितोषिक घेण्यास ते जाऊ शकले नाहीत. पण आपल्या कंपनीचा कारभार त्यांनी १९३७ साली मृत्यू येईपर्यंत सांभाळला. दिव्याला दिवसरात्र ओळखायला शिकवणारा माणूस पंचवीस वर्षे त्या दिव्याचा उजेड न पाहता काम करीत राहिला.

घड्याळाने दिव्याला वेळ दिली, झडपेने त्याला सांज ओळखायला लावली. राहिली हाक. १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या एका कंपनीने घरातल्याच विजेच्या तारांतून दिव्यांना सूचना पाठवण्याची पद्धत काढली, तरी सूचना कळ दाबूनच द्यावी लागे. माणसाचा आवाज ओळखणारे यंत्र मात्र त्याच्याही आधी निघाले होते, आणि ते होते एक खेळणे. १९२० च्या दशकात अमेरिकेत ‘रेक्स’ नावाचा सेल्युलॉइडचा कुत्रा विकला जाई. त्याच्या खोपट्यापाशी ‘रेक्स’ अशी हाक मारली की त्या शब्दातील स्वराच्या कंपनांनी विद्युतचुंबकाचा प्रवाह तुटे, स्प्रिंग सुटे आणि कुत्रा टुणकन बाहेर येई. ती कंपने प्रौढ पुरुषाच्या आवाजाला धरून ठरवलेली होती. मुलांचा स्वर उंच, म्हणून त्यांनी हाक मारली तर कुत्रा पुष्कळदा आतच बसून राही. खेळणे मुलांचे, पण ऐके वडिलांचे! १९५२ मध्ये बेल प्रयोगशाळेत शून्य ते नऊ हे आकडे ओळखणारे यंत्र झाले, पण तेही ज्याच्या आवाजाशी जुळवून घेतले त्याचेच नीट ऐके. १९६२ च्या सिॲटलच्या जागतिक प्रदर्शनात आय.बी.एम.ने सोळा इंग्रजी शब्द समजणारे यंत्र मांडले.

तेथून दिघीच्या त्या टेबलापर्यंतचा प्रवास वेगाने झाला. २०१४ च्या नोव्हेंबरात ॲमेझॉनचा बोलका डबा अमेरिकेत आला, २०१७ मध्ये भारतात. हिंदी त्याला २०१९ मध्ये समजू लागली. गूगलच्या साहाय्यकाला २०१८ पासून फोनवर मराठी कळते. २०२२ साली केंद्र सरकारने ‘भाषिणी’ हा उपक्रम सुरू केला. संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील बावीस भाषा यंत्रांना कळाव्यात हा त्याचा हेतू. हे सारे स्तुत्यच आहे. बावीस भाषांत आपली मराठी आहे, कोकणीही आहे.

पण दिघीहून खाडीपलीकडे गेले आणि मुरूड, काशीद मागे टाकले की कोर्लई लागते. तेथील ख्रिस्ती घरांत पोर्तुगीज व मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली एक बोली बोलतात. तिला ते ‘नो लिंग’, म्हणजे आमची भाषा, एवढेच म्हणतात. १५९४ साली पोर्तुगीजांनी कोर्लईचा डोंगर घेतला आणि १७४० साली चौलसह तो मराठ्यांच्या स्वाधीन केला. राज्य गेले, पण घराघरातली भाषा राहिली. बोलणारे हजाराच्या आसपास. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला. पावणेतीनशेहून अधिक वर्षे ही बोली टिकली ती शाळेच्या वा सरकारच्या बळावर नव्हे. चुलीपाशी, अंगणात, दिवेलागणीला आईने मुलाला जे सांगायचे ते तिच्यातच सांगितले, म्हणून टिकली. वसईच्या सामवेदी बोलीचेही तेच. ‘दिवा लाव’ हे घरातले वाक्य आहे. आजवर ते माणसाने माणसाला सांगितले, म्हणून कोणत्याही बोलीत चालले. आता ते यंत्राला सांगायचे, तर यंत्राच्या भाषेत सांगावे लागते. मग घरातील सर्वांत लहान मूल हे त्या घराचे दुभाषी होते आणि सर्वांत वडील माणूस गप्प बसते. आम्हांला या डब्याची भीती वाटत नाही. पण बोलीतली वाक्ये घरातून जातात ती अशीच, एकेक करून आणि कोणाच्या लक्षात न येता, हे आम्ही आमच्याच नात्यात पाहिले आहे.

पवित्र साक्रामेंतापुढचा अखंड दिवा तेलाचा वा मेणाचा असावा, असे मिस्साविधीच्या नियमांत आजही लिहिलेले आहे. त्या दिव्यात तेल घालायला कोणाला तरी उठून जावे लागते. घरच्या ताऱ्यासाठी असा नियम कोणी केलेला नाही, आणि करूही नये.

गेल्या नाताळात आम्ही पुन्हा दिघीस गेलो. आजी तेथेच होत्या. नातवाने मधल्या काळात एक उद्योग केला होता. डब्याने काय ऐकले याची नोंद फोनवर दिसते. आजी आपल्या बोलीत बोलल्या की त्या नोंदीत हिंदीचे काहीबाही निरर्थक शब्द उमटत. पोराने तीच निरर्थक अक्षरे उचलली आणि दिवे लावण्याची आज्ञा म्हणून डब्याला पढवून ठेवली. त्या संध्याकाळी आजींनी खुर्चीतूनच आपल्या बोलीत सांगितले आणि तारा लागला. मालवण्याचे वाक्य मात्र अजून जमलेले नाही. दरवेळी डबा काहीतरी वेगळेच ऐकतो, असे पोरगा म्हणाला. त्यासाठी आजी अजून उठतात.