‘एखादा प्रसंग सांगा’ : मुलाखतीतील एका प्रश्नाचा इतिहास

१/ “अडचणीच्या वेळी तुम्ही काय केले, असा एखादा प्रसंग सांगा.” नोकरीच्या मुलाखतीत हा प्रश्न आला की नवपदवीधर गांगरतो. अनुभवच नाही, तर प्रसंग कोठून आणावा? या प्रश्नाची मुळे मात्र अननुभवी तरुणांच्याच निवडीत आहेत.

२/ साल १९४१. महायुद्धाच्या छायेत अमेरिकेच्या लष्करी हवाई दलाला वैमानिक मोठ्या संख्येने हवे होते. प्रशिक्षणासाठी योग्य तरुण कसे निवडावेत, यासाठी मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांच्या नेतृत्वाखाली एक कार्यक्रम सुरू झाला.

३/ आरंभीच्या एका अभ्यासात प्रशिक्षणातून बाद झालेल्या १,००० उमेदवारांच्या नोंदी तपासल्या गेल्या. कारणे काय होती? ‘उड्डाणाची उपजत क्षमता नाही’, ‘प्रगती अपुरी’. उमेदवाराने नेमके काय केले, याचा अशा शेऱ्यांवरून काहीच बोध होत नव्हता.

४/ पुढे युद्धातील नेतृत्वाचा अभ्यास करताना सैनिकांना मत न विचारता घटना विचारली गेली : अधिकाऱ्याने त्या वेळी काय केले? १९५४ मध्ये फ्लॅनगन यांनी ही पद्धत ‘निर्णायक प्रसंग तंत्र’ या अर्थाच्या नावाने सविस्तर मांडली.

५/ १९७३ मध्ये हार्वर्डचे डेव्हिड मॅक्लेलंड यांनी बुद्धिमापन चाचण्यांवर बोट ठेवले. चाचणीतील गुणांवरून कामातील यश ओळखता येत नाही, उलट वंचित घरांतील उमेदवारांची वाट अडते, हा त्यांचा आक्षेप होता.

६/ अमेरिकी परराष्ट्र सेवेसाठी त्यांनी उत्कृष्ट आणि सामान्य अधिकाऱ्यांची तुलना केली. त्यातून घडलेल्या मुलाखतीत यशाचे ३ आणि अपयशाचे ३ प्रसंग विचारले जात : काय घडले, सोबत कोण होते, मनात काय आले, काय केले, शेवट काय झाला?

७/ आजची ‘परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम’ ही चौकट याच परंपरेतली. तिच्यात पदाला वा वर्षांना महत्त्व नाही. महत्त्व आहे ते घडलेल्या कृतीला.

८/ ‘मी जबाबदार आहे’ हा १९४१ सारखाच पोकळ शेरा. ‘शिबिराच्या आदल्या दिवशी स्वयंपाकी आला नाही, गावातील बचत गटाशी बोलून मी ६० जणांच्या जेवणाची सोय केली, खर्च ठरलेल्या रकमेतच राहिला’ हा प्रसंग. यात ‘आम्ही’ नव्हे, ‘मी’ काय केले ते कळते.

९/ म्हणूनच अल्प अनुभवाच्या उमेदवाराने मुलाखतीपूर्वी जाहिरातीतील प्रत्येक गुणासमोर एकेक खरा प्रसंग लिहून काढावा : मंडळाचा हिशेब, घरच्या दुकानाचा गल्ला, गटप्रकल्पातील भांडण. एखादे अपयश आणि त्यानंतर बदललेली रीतही त्यात असावी. रचलेला प्रसंग मात्र दुसऱ्या उपप्रश्नालाच उघडा पडतो.

१०/ तरीही एक अडचण उरतेच. आजारी आजीचे औषधपाणी सांभाळून परीक्षा देणाऱ्या मुलीला तो ‘प्रसंग’ वाटतच नाही, आणि तिला कोणी विचारतही नाही. गुणपत्रिकेपलीकडचा माणूस पाहण्यासाठी निघालेली ही पद्धत अशा मुलीपर्यंत पोहोचायची, तर मुलाखत घेणाऱ्यानेही घरातले काम हे काम मानायला हवे.