जीर्णोद्धारित ब्रिटिश बास गिटार : एक साधनचिकित्सा

इंग्लंडमधील लहानमोठ्या कारखान्यांतून 1959 ते 1970 या काळात ज्या विजेच्या बास गिटारी बाहेर पडल्या, त्यांस त्यांच्या स्वतःच्या काळी विशेष प्रतिष्ठा नव्हती. होतकरू वादकाने त्या घ्याव्यात आणि चार पैसे गाठीस येताच विकून टाकून अमेरिकन वाद्य घ्यावे, असाच सर्वसाधारण क्रम होता. आज मात्र त्याच गिटारी माळ्यांवरून आणि जुन्या बाजारांतून हुडकून काढल्या जातात, कुशल कारागिरांकडून त्यांचा जीर्णोद्धार करविला जातो आणि वादक व संग्राहक त्यांचे भरपूर मोल देतात. या आकर्षणाचे कारण विचारले असता बहुधा असे उत्तर मिळते की, 1960 नंतरच्या दशकातील ब्रिटिश संगीताचा जो विशिष्ट मंद्र नाद, तो या वाद्यांत साठलेला आहे. हे उत्तर साधनांच्या कसोटीस उतरत नाही, असे आमचे मत आहे. ते का उतरत नाही आणि मग या आकर्षणाचे खरे मूळ कोठे शोधावे, एवढ्याच प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम या वाद्याचा जन्म. सिअॅटलच्या पॉल टटमार्क याने 1935 च्या सुमारास पडदे असलेली, आडवी धरून वाजविण्याची विजेची बास बनविली होती. पण तिचा प्रसार झाला नाही. लिओ फेंडर याने 1951 साली कॅलिफोर्नियात प्रिसिजन बास बाजारात आणली, तेव्हापासूनच या वाद्याचा अखंड इतिहास सुरू होतो. पुरुषभर उंचीच्या डबल बासऐवजी गळ्यात अडकविता येईल असे वाद्य, आणि पडद्यांमुळे स्वर नेमका लागण्याची हमी, असा हा दुहेरी लाभ होता. इंग्लंडमध्ये मात्र तो सहजी पोहोचू शकला नाही. युद्धोत्तर डॉलरटंचाईमुळे ब्रिटिश सरकारने डॉलर-क्षेत्रातून येणाऱ्या चैनीच्या मालावर कडक निर्बंध घातले होते, आणि त्यांत अमेरिकन वाद्येही आली. हे निर्बंध 1959 साली उठले. त्याच वर्षी क्लिफ रिचर्डने हँक मार्विनसाठी अमेरिकेहून एक फेंडर स्ट्रॅटोकास्टर मागविली, आणि इंग्लंडमधील तरुण ती पाहून थक्क झाले. वाद्यांच्या इतिहासात परकीय चलनाच्या हिशेबाचा एवढा वाटा असावा, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

मधल्या काळात मागणी मात्र निर्माण झाली होती. लॉनी डोनेगनच्या ‘रॉक आयलंड लाइन’ या 1956 साली गाजलेल्या ध्वनिमुद्रिकेनंतर स्किफल संगीताची लाट आली आणि गल्लोगल्ली मुलांची वाद्यवृंदे उभी राहिली. त्यांतील बास म्हणजे चहाचे रिकामे खोके, एक काठी आणि एक दोरी. (हिंदुस्थान-सिलोनहून चहा भरून जाणाऱ्या खोक्यांचा हा उपयोग आपल्याकडील चहामळ्यांच्या मालकांच्या स्वप्नातही आला नसेल.) मुलांस यापुढे जाऊन खरे वाद्य हवे होते, अमेरिकन वाद्य मिळत नव्हते आणि पुढे मिळू लागले तेव्हा परवडत नव्हते. या फटीत ब्रिटिश गिटारउद्योग जन्मास आला.

या उद्योगातील मंडळींमध्ये जिम बर्न्स (1925-1998) याचे स्थान वेगळे आहे. तो स्वतः हवाईयन गिटारचा वादक. 1959 साली हेन्री वाइल याच्या भागीदारीत त्याने आरंभ केला आणि 1960 साली स्वतःची कंपनी काढली. त्याच्या वाद्यांवर फेंडरची छाया आहेच. तथापि ती नक्कल नव्हे. बायसन या नावाच्या गिटारीची दोन शिंगे पुढे येऊन आत वळलेली आहेत. दांडी सरळ राखण्यासाठी तिच्या पोटात जी पोलादी कांब असते, तिला बर्न्सने दातेरी चाकांची एक पेटीच जोडली. त्याच्या काही वाद्यांवरील एका कळीचे नाव ‘वाइल्ड डॉग’, म्हणजे रानकुत्रा! 1964 पासून शॅडोज या वृंदाने बर्न्सची वाद्ये घेतली आणि जॉन रॉस्टिल त्यांची बास वाजवू लागला. पण 1965 च्या जानेवारीत सीबीएस कंपनीने फेंडरचा कारखाना एक कोटी तीस लक्ष डॉलरना घेतला आणि ज्या बाल्डविन पियानो कंपनीस तो हवा होता, तिने त्याच वर्षी बर्न्सवर समाधान मानले. 1970 मध्ये उत्पादन थांबले. डार्टफर्ड येथील टॉम जेनिंग्जच्या व्हॉक्स कंपनीची कथाही फार निराळी नाही. तिच्या गिटारींची बांधणी पुढे बहुतांशी इटलीत होऊ लागली. बिल वायमनचे नाव लावलेली अश्रुबिंदूच्या आकाराची बासदेखील इटलीतलीच. डॅलस, वॉटकिन्स इत्यादिकांची वाद्ये याहून स्वस्त आणि साधी होती.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ज्या वादकांमुळे ‘ब्रिटिश नाद’ ही कल्पना रूढ झाली, त्यांच्या हातात कोणते वाद्य होते? पॉल मॅकार्टनीने 1961 साली हँबुर्गमध्ये घेतलेली हॉफनर जर्मन. त्याची 1965 नंतरची रिकनबॅकर अमेरिकन. शॅडोजचा पहिला बासवादक जेट हॅरिस याची फ्रामुस जर्मन, आणि पुढची फेंडर अमेरिकन. वायमनने रोलिंग स्टोन्सच्या आरंभीच्या वर्षांत वापरलेली फ्रामुस जर्मनच. क्रीममधील जॅक ब्रूसची गिब्सन आणि जॉन पॉल जोन्सची फेंडर जॅझ यांविषयी तर बोलावयासच नको. यादी आणखी वाढविता येईल, परंतु निष्कर्ष बदलणार नाही. रॉस्टिलसारखे अपवाद सोडल्यास, ब्रिटिश नाद ब्रिटिश बास गिटारीतून निघालेला नाही.

मग तो ब्रिटिश कशामुळे? आमच्या मते याचे उत्तर गिटारीच्या दोन्ही टोकांस आहे: तारांत आणि ध्वनिवर्धकात. व्हॉक्सचा एसी-30, त्याचप्रमाणे हॅनवेल येथील जिम मार्शलच्या दुकानात जन्मलेला ध्वनिवर्धक (हा फेंडरच्या बासमन या ध्वनिवर्धकाच्या नमुन्यावर बेतलेला होता, हे सांगितले पाहिजे) यांचा वाटा सर्वज्ञात आहे. तारांची हकीकत त्या मानाने कमी परिचित. पूर्वी बासच्या तारांवर चपटी पट्टी गुंडाळलेली असे, त्यामुळे स्वर गोल आणि दबका येई. द हू या वृंदाच्या जॉन एंटविसल यास पियानोच्या खर्जतारेसारखा खणखणीत स्वर हवा होता. 1965 साली तशा तारा असलेली डॅनइलेक्ट्रो त्याने घेतली, तेव्हा तुटलेली तार लंडनमध्ये मिळेना म्हणून दर वेळी नवी गिटारच घ्यावी लागली, असे तो स्वतः सांगत असे. 1966 मध्ये केंट परगण्यातील रोटोसाउंडच्या जेम्स हाऊ याच्या सहकार्याने गोल तारेचे वेष्टन असलेल्या बासच्या तारा सिद्ध झाल्या. हे ब्रिटनचे खरे देणे. या गोल वेष्टनाच्या तारा पडदे कानशीप्रमाणे झिजवितात, हा त्याचाच दुसरा भाग. जीर्णोद्धार करणाऱ्यास आजही त्याची किंमत मोजावी लागते.

तर मग बर्न्स वा डॅलस यांच्या वाद्यांचे आकर्षण निव्वळ भ्रम म्हणावयाचे काय? तसे नव्हे. प्रतिष्ठित वादकांच्या हाती न गेल्यामुळेच त्यांचा स्वर कानांस शिळा झालेला नाही. फेंडरचा स्वर हजारो ध्वनिमुद्रिकांतून ऐकून झालेला आहे. जुन्या बायसनचा स्वर ऐकणाऱ्यास नवा असतो. शिवाय या मंडळींपुढे अमेरिकन नमुना बराच काळ छायाचित्रांतूनच होता. जे दिसत नव्हते ते त्यांनी आपल्या अकलेने भरून काढले, आणि ती अक्कल आज हाताळून पाहता येते.

येथेच जीर्णोद्धाराचा प्रश्न ऐरणीवर येतो. हेमाडपंती देवळांच्या दगडावर भक्तिभावाने दिलेले तैलरंगाचे हात ज्यांनी पाहिले आहेत, त्यांस या शब्दाचे भय निराळे सांगावयास नको. साठ वर्षांच्या गिटारीत काय काय बिघडते? दांडी तारांच्या ताणाने वाकते. बर्न्सची दातेरी पेटी गंजून अडली तर कांब फिरत नाही. पिकअपातील वेटोळ्याची तांब्याची तार केसाइतकी बारीक असते, ती तुटते. जुना सेल्युलॉइड विघटित होऊन आम्लयुक्त वाफा सोडतो आणि त्याच पेटीतील धातूचे भाग खातो. तारा दाबून स्वर आखूड करण्यासाठी लावलेला स्पंज भुकटी होतो. कॅपॅसिटरची मूल्ये सरकतात. यांपैकी प्रत्येक दुरुस्ती वाद्यास वाजते करते आणि प्रत्येक दुरुस्तीत एक पुरावा नाहीसा होतो. वेटोळे नव्याने गुंडाळले की मूळ कामगाराने दिलेल्या फेऱ्यांची संख्या कायमची गेली. मेणात बुडविलेले नसल्यामुळे शिट्टी घालणारे पिकअप ‘सुधारले’ की ते तसे होते हेच विसरले जाते. ब्रायन मे याने आपल्या स्वहस्ते बनविलेल्या गिटारीत बर्न्सचे ट्राय-सॉनिक पिकअप बसविताना त्यांत याच कारणाने अॅराल्डाइट ओतले. त्या पिकअपांच्या मूळ गुणदोषांविषयीचा हा पुरावाच होय. तुटक्या पट्टीच्या जागी नवी शिसवी बसवावयाची झाल्यास 2017 पासून आंतरराष्ट्रीय व्यापारावर आलेली बंधने आडवी येतात. तयार वाद्यांस 2019 च्या निर्णयाने सूट मिळाली, सुट्या लाकडास नाही. आणि आपल्या सह्याद्रीतील शिसवही त्या बंधनांत मोडते.

अस्सल व नक्कल यांचा भेद करण्याची जी शिस्त राजवाड्यांच्या पिढीने आपल्याकडे दप्तरांच्या अभ्यासास लावली, ती येथे तशीच लावता येत नाही. कागदावरील मागाहूनचा हात हा बहुधा दोष असतो. वाद्यावरील मागाहूनचा हात हाच कधीकधी मुख्य मजकूर असतो. वायमनने 1961 साली एक जुनी डॅलस टक्सेडो घेतली, तिचे धड कापून लहान केले, पडदे उपटून काढले आणि खाचा बुजविल्या. बिनपडद्याच्या बास गिटारीचे हे पहिले उदाहरण मानले जाते. तिला कारखान्यातील मूळ रूपात आणणे म्हणजे तिचे महत्त्व पुसणे होय. मॅकार्टनीच्या 1961 च्या हॉफनरची 1964 साली दुरुस्ती होऊन तिच्यावर नवा रंग चढला आणि पिकअपांभोवती लाकडी चौकट बसली. ती 1972 साली लंडनमध्ये गाडीतून चोरीस गेली आणि सापडल्याची वार्ता 2024 मध्ये प्रसिद्ध झाली. अशा वाद्याची ओळख कारखान्याच्या शिक्क्यापेक्षा दुरुस्तीच्या खुणांनीच अधिक पटते. ‘मूळ रूप’ हा शब्द वापरताना कोणत्या वर्षाचे, हे कारागिरास आणि अभ्यासकास दोघांनाही सांगता आले पाहिजे. निदान काढलेले भाग फेकून न देता पिशवीत घालून वाद्याच्या पेटीतच ठेवावेत आणि केलेल्या कामाचे टिपण सोबत जोडावे, एवढी अपेक्षा अवास्तव नाही.

1974 च्या सुमारास इयन वॉलर आणि पीट स्टीव्हन्स यांनी सुरू केलेल्या वॉल बासचा येथे केवळ उल्लेख करतो. त्या स्वस्त पर्याय म्हणून बनल्या नाहीत. प्रत्येक तारेखाली स्वतंत्र वेटोळी आणि स्वरास गाळून घेणारी विद्युत्‌रचना यांमुळे त्यांची दुरुस्ती सुतारापेक्षा विद्युत्-तंत्रज्ञाची अधिक आहे. वॉलर 1988 साली वारला, तरी ते काम त्याच्या सहकाऱ्याने आणि त्यानंतरच्या कारागिराने पुढे चालविले. त्यामुळे बर्न्सच्या बाबतीत जी परंपरा 1970 मध्ये तुटली, ती येथे तुटलेली नाही. त्या वाद्यांचा विचार वेगळ्या लेखात करणे सोयीचे होईल.