सापडलेलं शस्त्र आणि त्याचा धनी

आज एका साध्या बंदुकीपासून सुरुवात करू. पवनी-लाखांदूरकडे धानाच्या बांध्यांत रानडुकरं शिरतात. पीक वाचवायला बंदुकीचा परवाना मिळण्याची कायद्यात सोय आहे. समजा, एका शेतकऱ्याची अशी भरमार बंदूक चोरीला गेली आणि दोन वर्षांनी पोलिसांना सापडली. मधल्या काळात शेतकरी वारला. आता बंदूक कोणाची?

मुलाची, असं आपण सगळेच म्हणू. पण त्याच्या नावावर परवाना नसेल तर तो तिला हात लावू शकत नाही. खटला चालू असेल तर ती मुद्देमाल म्हणून मालखान्यात. खटला संपला तरी १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा राहणार. मुलानं परवाना काढावा, नाहीतर परवाना असलेल्या माणसाला ती विकून पैसे घ्यावेत. मुदतीत काहीच केलं नाही तर सरकारजमा. म्हणजे किंमत त्याची, वस्तू मात्र त्याच्या हाती नाही.

हा पेच जुना आहे. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या पहिल्याच भागात सॉक्रेटिस विचारतो, मित्रानं शहाणा असताना शस्त्रं ठेवायला दिली आणि वेड लागल्यावर परत मागितली, तर द्यावीत का? उत्तर येतं, नाही. हा उतारा आम्ही कितीतरी वर्षं शिकवला, आणि दरवेळी मागच्या बाकावरून कोणीतरी विचारायचंच, ‘पण सर, वेड लागलंय हे ठरवणार कोण?’ प्लेटो त्यात शिरत नाही. इंग्रजांनी मात्र १८७८ च्या कायद्यानं ठरवून टाकलं. हिंदी माणसाला शस्त्रासाठी परवाना हवा, युरोपियनाला सूट. अख्खा देश वेडा आणि राज्यकर्ते तेवढे शहाणे! परवान्याची चौकट आपण पुढेही ठेवली, आणि ती ठेवणं योग्यच होतं असं आम्हाला वाटतं; पण तिचा जन्म लक्षात असावा.

आपल्या धर्मशास्त्रानं या बाबतीत राजालाच जबाबदार धरलं आहे. चोरांकडून मिळालेला माल राजानं धन्याला परत द्यावा, मग धनी कोणत्याही वर्णाचा असो. स्वतः वापरला तर चोराचं पाप राजाला लागतं, असं मनुस्मृतीचा आठवा अध्याय सांगतो. गौतम तर म्हणतो, माल सापडलाच नाही तर राजानं खजिन्यातून भरून द्यावा. मनुस्मृतीतल्या इतर पुष्कळ गोष्टी आम्हाला मान्य नाहीत. ही मान्य आहे. शिवाय मालक नसताना केलेली विक्री, ‘अस्वामिविक्रय’, हे अठरा विवादपदांपैकी एक. १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम २७ जवळपास तेच सांगतं: ज्याची मालकी नाही, तो दुसऱ्याला मालकी देऊ शकत नाही.

पण राजाच नेणारा असेल तर? आपला वैनगंगेचा पट्टा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता, म्हणून हे आपल्या घरचंच. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली आणि राज्याचा कणा मोडला. तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये वारले, दत्तक नाकारला गेला, आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झालं. मग हत्ती, घोडे, बैल यांचा लिलाव सीताबर्डीवर, जवाहीर विकायला कलकत्त्याला. वृद्ध बांकाबाईंनी निक्षून विरोध केला, सामान हलवलं तर वाड्याला आग लावीन म्हणाल्या. विक्री झालीच. तंजावरच्या भोसल्यांच्या राणी कामाक्षीबाई कोर्टात गेल्या. मद्रासमध्ये जिंकल्या, पण १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं निकाल फिरवला. ही राज्यसत्तेची कृती आहे, न्याय्य असो वा अन्याय्य, आम्हाला तिचा विचार करता येत नाही, असं त्याचं सार. चोरीचा शब्दच कायद्यातून निघून गेला.

या पार्श्वभूमीवर २०२५ कडे बघा. एप्रिलमध्ये लंडनला सोदबीजच्या लिलावात पहिल्या रघूजींची तलवार आली. पात्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग’. पातं युरोपीय बनावटीचं, नाव आपलं; बनवणाऱ्यावरून मालकी ठरत नाही याचा याहून चांगला दाखला आम्हाला माहीत नाही. १८१७ नंतरच्या लुटीत गेली असावी किंवा भेट म्हणून, अशा दोन्ही शक्यता सांगितल्या गेल्या. महाराष्ट्र सरकारनं सगळ्या खर्चासह ४७ लाख १५ हजार रुपये मोजले आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईला आणली. पैसे देणं म्हणजे विकणाऱ्याची मालकी कबूल करणं नाही का? काही मित्र तसं म्हणतात. आम्हाला ते अर्धंच पटतं. १९७० चा युनेस्कोचा करार मागच्या काळाला लागू होत नाही, कोर्टाचा रस्ता १८५९ मध्येच बंद झालेला, आणि लिलाव काही थांबत नसतो.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आपल्या शेजारी गडचिरोलीत भूपती आणि साठ माओवाद्यांनी ५४ शस्त्रं खाली ठेवली. त्यांत एके-४७ आणि इन्सास रायफली होत्या. इन्सास सरकारी कारखान्यात बनते, सुरक्षादलांसाठी. ती जंगलात पोचते बहुतेक लुटूनच. तिचे पैसे कोणी मागितले नाहीत, लुटीनं तिची मालकी बदललीच नव्हती. दंडसंहितेत एक सुंदर तरतूद होती, नव्या संहितेतही आहे: चोरीचा माल हक्कदाराच्या ताब्यात आला की तो चोरीचा राहत नाही.

मग तलवारीचा हक्कदार कोण? भोसले घराणं आजही नागपुरात आहे. आणि आपलं सरकार, बघा, दोन्हीकडून वारस आहे: रयतेचंही, आणि ज्या सत्तेनं नागपूर खालसा केलं तिच्या राज्ययंत्राचंही. म्हणून आमच्या मते सरकार इथे धनी नाही, ठेवदार आहे. शेतकऱ्याची बंदूक ठाण्यात असते तशी ही सरकारकडे आहे, फक्त हिला परवाना लागत नाही. ती नागपुरात राहावी, आणि वर्षातून महिनाभर तरी भंडाऱ्याला यावी. लाखांदूरच्या पोराला ती बघायला मुंबईची गाडी पकडावी लागू नये.